आप्पांची रक्त पातळ करायची गोळी, अपिक्साबॅन ५ एमजी: दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगतो. अपिक्साबॅन ५ एमजी, सकाळी एक रात्री एक, आमचे आप्पा गेली दोन वर्षं घेतायत, वय ७६, हृदयाचे ठोके अनियमित म्हणजे डॉक्टर लोक ज्याला एएफ म्हणतात ते, आणि माझ्याकडून या गोळीला ५ पैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण २०२२ ला पेटंट संपल्यावर हीच गोळी किती तरी कंपन्या बनवायला लागल्या आणि आम्हीच दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या वापरल्या, मला तरी फरक दिसला नाही. मी डॉक्टर नाही, पुण्यात नोकरी करतो, आई-आप्पा कराडजवळ गावाकडे असतात, म्हणजे हा सगळा कारभार फोनवरून आणि शनिवार-रविवारच्या एसटीवरून चालतो.

सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला त्यात ठोके वेडेवाकडे दिसले. आप्पांना काहीच त्रास नव्हता, ना धडधड ना चक्कर, रानात पाणी पाजायला रोज जात होते, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही. एका डॉक्टरांनी रोज ॲस्पिरिन ७५ चालू केली आणि "रक्त पातळ करायची गोळी दिलीय, काळजी नको" असं सांगितलं, आणि आम्हीही निर्धास्त झालो. ही आमची सगळ्यात मोठी चूक. डॉक्टरांपेक्षा मला माझाच जास्त राग येतो, कारण मी एकदाही विचारलं नाही की ही गोळी कशासाठी आणि पुरेशी आहे का.

वर्षभरानं एके दिवशी सकाळी चहा पिताना आप्पांचं तोंड एका बाजूला ओघळलं, कप हातातून सुटला, आणि आई काय विचारतेय त्याला उत्तर म्हणून नुसते अस्पष्ट आवाज. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत. आप्पा म्हणाले, "काय न्हाय, पित्त झालं आसंल." नशिबानं शेजारचा पोरगा १०८ ला आधीच फोन करून बसला होता. हॉस्पिटलात एमआरआय झाला आणि तिथल्या हार्टच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा लकव्याचा छोटा झटका होता, गुठळी आपोआप विरघळली म्हणून वाचलात, पुढची विरघळेलच असं नाही.

मग त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. वरचे कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात, डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, त्यात रक्त साचून राहतं आणि गुठळी धरते, आणि ती सुटली की सरळ मेंदूकडे जाऊ शकते. ज्यांच्या झडपा ठीक आहेत अशा एएफ पेशंटच्या या गुठळ्यांपैकी ९० टक्क्यांच्या आसपास त्याच कोपऱ्यात होतात. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, म्हंजे पाटाच्या कोपऱ्याला पाणी तुंबून श्याव्वाळ धरतं तसं. डॉक्टर म्हणाले अगदी तसंच. ठोके अनियमित असले की लकव्याचा धोका साधारण पाचपट होतो, आणि अशा गुठळीवर एकट्या ॲस्पिरिनचा उपयोग फार थोडा. जुन्या अभ्यासांत वॉरफरिन या खऱ्या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीनं लकवे जवळजवळ दोन तृतीयांश कमी झाले, ॲस्पिरिननं जेमतेम पाचवा हिस्सा.

त्यांनी लकव्याच्या धोक्याचे मार्कपण मोजून दाखवले, चाड्स-व्हास्क स्कोर म्हणतात त्याला. बीपीचा १, ६५ ते ७४ वयाचा १, आणि झटका येऊन गेला त्याचे २, म्हणजे ४. ७५ पूर्ण झाली की वयाचे २ धरतात. शुगर असती तर अजून १, हार्ट फेल्युअर असतं तर अजून १. पुरुषाचे २ झाले की खरी रक्त पातळ करायची गोळी द्यायला हवी. म्हणजे आप्पांना ती झटक्याच्या वर्षभर आधीच हवी होती, बीपी आणि वय मिळून २ होतेच की. हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नव्हती. तुमच्या घरात कुणाला एएफ असेल आणि गोळ्यांच्या पाकिटात फक्त ॲस्पिरिन असेल तर कृपा करून या आठवड्यात हार्टच्या डॉक्टरांना भेटा, एवढ्यासाठीच मी हे टाइप करतोय.

पहिली गोळी मात्र अपिक्साबॅन नव्हती. तेव्हा दिली ती ॲसेनोकौमॅरॉल, आपल्याकडे खूप चालणारी, वॉरफरिनची चुलतबहीण म्हणा. स्वस्त आहे, वर्षानुवर्षं पारखलेली आहे. पण ती घ्यायची म्हणजे रक्ताची आयएनआर तपासणी करत राहायची आणि आकडा २ ते ३ च्या मधे ठेवायचा, खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. आप्पांचा आकडा काही केल्या एका जागी थांबेना. १.४, मग ३.६, मग १.७. गोळी कधी अर्धी कधी पाऊण, सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी, आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवायचं, आणि दर पंधरा दिवसांनी कराडच्या लॅबला खेप, तीही ऊसतोडीच्या दिवसात रस्ता ट्रॅक्टरनी भरलेला असताना.

कारण नंतर कळलं. या गोळीचं काम व्हिटॅमिन के च्या उलट चालतं आणि ते हिरव्या पालेभाजीत भरपूर. थंडीत आमच्याकडे मेथी, पालक, शेपू, रोज काही ना काही ताटात असतंच, आणि उन्हाळ्यात मटकी आणि पिठलं. मग आकडा हलणारच की. गंमत अशी की पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते, पण आम्हाला सुरुवातीला कुणीतरी "हिरवं बंद" असं सांगितलं होतं आणि आप्पा दोन महिने मेथीकडे बघत बसले. एकदा जुलाबासाठी मेट्रोनिडॅझॉल दिली गेली, आठ दिवसांनी आयएनआर ५ च्या वर आणि ब्रश करताना हिरड्यातून रक्त. त्या गोळीनं आकडा वर जातो हे माहीत असलेली गोष्ट आहे, पण देणाऱ्यानं विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

त्यात गावातल्या एकानं आप्पांना सांगितलं की "ते उंदराचं औषध हाय". झालं, आप्पांनी चार दिवस गोळी जिभेखालून काढून फेकली, आईला कॉटखाली सापडल्या. मग मी बसून खरी गोष्ट सांगितली, कारण त्यात थोडं तथ्य आहेच. अमेरिकेत १९२० च्या दशकात बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा वाळला चारा खाऊन गुरं आतल्या आत रक्त जाऊन मरायला लागली, १९३३ मधे विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या चाऱ्यातलं द्रव्य त्यांनी शोधलं, त्यावरून पुढं वॉरफरिन तयार झालं, १९४८ ला ते उंदरांसाठी विकायला आलं आणि १९५४ ला माणसांसाठी मान्य झालं, १९५५ च्या हार्ट ॲटॅकनंतर खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही तेच दिलं. डोस ठरवतो ते विष का औषध. आप्पांच्या गोठ्यात तीन म्हशी आहेत, त्यांना त्या शेतकऱ्याची गोष्ट एकदम पटली, "कालवड घिऊन गेला व्हय पावसापान्याचा" म्हणाले आणि त्या रात्रीपासून गोळी नीट घेतली.

पण आकडा काही बसेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी अपिक्साबॅनवर आणलं. आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, परत बघितला, झडपा ठीक आहेत याची खात्री केली, क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी केली ती १.१ आली. जुनी गोळी थांबवली आणि आयएनआर २ च्या खाली आल्यावर नवी चालू.

आता गोळीविषयी. छोटी आहे, गिळायला त्रास नाही, जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, फरक पडत नाही, आणि कुणाला गिळता येत नसेल तर कुटून पाण्यातून देता येते. याच जातीतली रिव्हारॉक्साबॅन दिवसातून एकदाच असते पण ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते, आणि डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नसते, पाकिटातून काढून डब्यातही भरून ठेवायची नसते. आयएनआर नाही, पालेभाजीचं पथ्य नाही. पहिल्या थंडीत आईनं मेथीची भाजी केली आणि आप्पांनी दोन वेळा मागून घेतली, माझ्यासाठी साडेचारपैकी एक स्टार तिथंच.

आणि काम करते का? झटका परत आलेला नाही एवढंच मी माझ्या घरापुरतं सांगू शकतो, तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण डॉक्टरांनी ज्या मोठ्या अभ्यासाचं नाव सांगितलं तो मी शोधून वाचला, ॲरिस्टॉटल नावाचा, २०११ चा, १८,२०१ पेशंट, अर्ध्यांना वॉरफरिन अर्ध्यांना अपिक्साबॅन. अपिक्साबॅनवाल्यांत लकवा आणि इतर ठिकाणच्या गुठळ्या मिळून २१ टक्के कमी, मोठे रक्तस्राव ३१ टक्के कमी, मृत्यू ११ टक्के कमी, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे डोक्यातला रक्तस्राव निम्म्याहून कमी. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात अपिक्साबॅन विरुद्ध ॲस्पिरिन असं होतं, ज्यांना वॉरफरिन जमत नव्हतं अशा लोकांत. लकवे निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास ॲस्पिरिनइतकाच, म्हणून अभ्यास लवकरच थांबवला. म्हणजे "वय झालंय, रक्तस्राव नको, आपली साधी ॲस्पिरिन बरी" हा जो विचार घरोघरी असतो तो उलटा आहे. हे आधी माहीत असतं तर, असं मनात येतंच.

डोसवरून एक प्रकार झाला तो नीट वाचा. मधे एका दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं तिथं "आजोबांचं वय झालंय, वजनही कमी आहे" म्हणून ५ ची २.५ केली. ऐकायला बरोबर वाटतं ना? आमच्या हार्टच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या परत ५ केली. नियम असा आहे की तीन गोष्टी बघायच्या, वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, आणि यातल्या कुठल्याही दोन असतील तरच २.५. आप्पांचं वजन ५८, पण वय ८० नाही आणि क्रिएटिनिन १.१, म्हणजे एकच. कमी डोस म्हणजे सुरक्षित डोस नव्हे, अर्धवट संरक्षण आहे. मी हे तीन आकडे आप्पांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेत. अर्थात किडनीचा मोठा आजार असेल किंवा दुसरी काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांची कारणं वेगळी असू शकतात, तेव्हा स्वतः बदलू नका, पण विचारा जरूर.

आता कापलेला अर्धा स्टार. ही गोळी अंगात फार वेळ राहत नाही, साधारण बारा तासांत निम्मी उतरते, म्हणून दोनदा घ्यावी लागते आणि म्हणून चुकली की लगेच संरक्षण जातं. जुन्या गोळीत एखादा दिवस हुकला तरी थोडी ओढ राहायची, इथं तसं नाही. आणि घेतली तरी काही जाणवत नाही, नाही घेतली तरी काही जाणवत नाही. बीपीची गोळी सोडली तर निदान मशीन आकडा दाखवतं. मागच्या वर्षी कार्तिकीला आप्पा पंढरपूरला गेले, पट्टी घरीच दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात, आणि लाजेनं कुणाला सांगितलं नाही, दीड दिवस गोळी नाही. मला कळलं तेव्हा मी पुण्यातून फोनवर नुसता ओरडत होतो, "आप्पा तुम्ही आत्ता जिथं आहात तिथल्या मेडिकलात जावा." तिथल्या मेडिकलवाल्याकडे ही नव्हती आणि तो म्हणाला ही घ्या, ही पण रक्त पातळच करते, क्लोपिडोग्रेल. तीन गोष्टींना लोक एकच नाव देतात, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ही, तिथंच घोटाळा होतो. पहिल्या दोन रक्तातल्या प्लेटलेटवर चालतात, एएफच्या गुठळीसाठी त्या हिच्या जागी चालत नाहीत. शेवटी स्टँडजवळ एका ठिकाणी मिळाली. तेव्हापासून तीन ठिकाणी पट्टी असते, घरी, रानातल्या खोपीत आणि प्रवासाच्या पिशवीत, आणि सकाळी ८ रात्री ८ ला आई मला नुसता मिस कॉल देते म्हणजे गोळी झाली. विसरली तर त्याच दिवशी आठवल्याबरोबर घ्यायची, पण दोन मिळून एकदम घ्यायच्या नाहीत.

पातळ या शब्दानंही घोळ होतो. आप्पांना बरेच दिवस वाटायचं की रक्त पाण्यासारखं झालं म्हणून गळून जातंय. रक्त तेवढंच दाट असतं, गोठायला वेळ लागतो फक्त. विळा लागला तर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबून धरावं लागतं, दहा मिनिटं न उघडता घट्ट, मग थांबतं. हातावर निळे डाग पडतात कधी कधी. आम्ही ज्याला घाबरतो ते वेगळं: शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवीत रक्त, नाकातून न थांबणारं रक्त, आणि डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी हॉस्पिटल.

आणि सुई. गावाकडे गुडघा दुखला की दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, सुई मारा" हे ठरलेलं. कंबरेत डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन म्हणजे या गोळीवर असणाऱ्या माणसाला दुहेरी संकट, एक म्हणजे स्नायूत सुई टोचल्यानं आत रक्त साकळतं आणि दुसरं म्हणजे त्या औषधानंच पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो. आप्पांना एकदा असंच झालं, कुल्ला वांग्यासारखा जांभळा, पंधरा दिवस एका कुशीवर झोपले. आता पाकिटात आधार कार्डाच्या मागं एक चिठ्ठी असते, अपिक्साबॅन ५ चालू आहे, कंबरेत इंजेक्शन नको, दुखण्याला पॅरासिटामॉल. टीबीची रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या हिचा असर कमी करतात, तेही त्याच चिठ्ठीत. आणि चिठ्ठीचा अजून एक उपयोग, लकव्याचा झटका आला तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात, पण ही गोळी नुकतीच पोटात असेल तर सहसा देता येत नाही, मग मोठ्या हॉस्पिटलात तारेनं गुठळी काढायचा विचार करतात. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली हे तिथं पहिल्या मिनिटाला सांगायचं. गोळी घेतली म्हणजे झटका येणारच नाही असं नाही, तोंड वाकडं, हात गळाला, बोलणं अडखळलं की पित्त बित्त म्हणत बसायचं नाही.

दात काढायच्या वेळी डेंटिस्टनी सात दिवस गोळी बंद करा असं सांगितलं. मी हार्टच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एका दाताला फक्त त्या सकाळची गोळी चुकवायला सांगितली, दात काढला, बोळा दाबून धरला, रात्रीची घेतली, काही झालं नाही. सात दिवस म्हणजे चौदा गोळ्या, नुसत्या एका दाढेपायी.

खर्च. जेनेरिक घेतो, महिन्याला हजाराच्या आसपास जातात, पेटंट असतानाच्या मानानं खूप कमी पण शेतकऱ्याच्या घराला कमी नाहीत. जुनी गोळी खूप स्वस्त, पण लॅबचे पैसे, एसटी, आणि एका माणसाचा बुडालेला दिवस धरला तर आमचा हिशोब जवळपास बरोबरीत येतो. ज्यांचा आयएनआर छान स्थिर आहे त्यांनी घाईनं बदलावं असं मी म्हणणार नाही.

आणि काहींनी ही घ्यायचीच नाही, हे मोठ्यानं सांगायला हवं कारण लोक एकमेकांच्या गोळ्या बघून डॉक्टरकडे हट्ट करतात. ज्यांच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप आहे त्यांना जुनीच, वॉरफरिन किंवा ॲसेनोकौमॅरॉल. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप आकसलेली आहे, आपल्याकडे असे पेशंट, त्यातही बायका, बऱ्याच आहेत, त्यांनाही जुनीच. २०२२ मधे इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास आला, संधिवातानं झडपा बिघडलेल्या साडेचार हजार एएफ पेशंटचा, त्यात रिव्हारॉक्साबॅनपेक्षा जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले. माझ्या मावशीला तसाच झडपेचा आजार आहे, तिनं आप्पांची गोळी बघून मलाही हीच पाहिजे म्हणून धरलं होतं, तिला इको घेऊन डॉक्टरांकडेच नेलं आणि ती आयएनआरवरच आहे, तिचा आकडा छान २.५ च्या आसपास असतो.

दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन करतो, परवाचं क्रिएटिनिन १.२ आलं. चार वर्षांनी आप्पा ८० चे होतील, वजन तेव्हाही ६० च्या आत असेल तर दोन गोष्टी भरतील आणि डोस २.५ होईल. झाला की इथंच खाली लिहीन.